तीन नंबरची आज्ञा कुठे गेली?

"तुझं पीएचडीचं नेमकं काय चाललंय?" असं घरी कोणी विचारलं, की हल्ली मी ही गोष्ट सांगते.

१९९० साली ह्यूलेट-पॅकार्डने एचपी ४८एसएक्स हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर बाजारात आणला. मेमरी ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही! पण त्यावर प्रोग्राम लिहिता यायचे, आणि हौशी मंडळींनी ते भरपूर लिहिले. जो हॉर्न यांनी तर असे प्रोग्राम गोळा करून 'गुडीज डिस्क' या नावाने फ्लॉपींवर उपलब्ध करून दिले.

आता जागा इतकी कमी, तर तोच कोड प्रत्येक प्रोग्राममध्ये पुन्हा कशाला ठेवायचा? यावर उपाय होता 'लायब्ररी'. म्हणजे अनेक आज्ञांचा एक गठ्ठा. तो मेमरीत एकदाच ठेवायचा आणि बाकीच्या प्रोग्रामांनी त्यातल्या आज्ञा वापरायच्या.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक लायब्ररीला एक क्रमांक असे. बाहेरच्या लेखकांसाठी ७६९ ते १७९१, म्हणजे सगळ्या जगात मिळून हजारभरच. प्रोग्राम टाइप करताना लायब्ररी जोडलेली असेल, तर कॅल्क्युलेटर आज्ञेचं नाव साठवायचाच नाही. तो दोन आकडे साठवायचा: लायब्ररीचा क्रमांक आणि तिच्यातल्या आज्ञेचा क्रमांक. जागा वाचायची.

पण दोन अनोळखी माणसांनी एकच क्रमांक निवडला तर? त्या दोन लायब्रऱ्या एका यंत्रात धड नांदत नसत. आणि लेखकाने नव्या आवृत्तीत आज्ञांचा क्रमच बदलला तर? जुना प्रोग्राम तीन नंबरची आज्ञा मागणार, आणि तिथे भलतीच येऊन बसलेली असणार. यंत्राला यातलं काही कळत नसे. म्हणजे सगळी भिस्त लेखकाच्या शिस्तीवर: दिलेला क्रमांक बदलायचा नाही, नवी आज्ञा शेवटीच जोडायची.

ही शिस्त कशी पाळली गेली, कुठे मोडली, हाच माझा विषय. कारण आज जुना प्रोग्राम हाती लागला आणि त्याची लायब्ररी हरवलेली असली, तर पडद्यावर एवढंच दिसतं: 'एक्सलिब ९०० ३'. प्रोग्राम शाबूत आहे, पण तो काय करायचा ते सांगणारं नाव गेलेलं असतं.

म्हणून जुने प्रोग्राम जपणाऱ्यांना एकच सांगणं आहे. त्यांच्या लायब्रऱ्याही जपा, आणि त्यासुद्धा त्याच आवृत्तीच्या.