प्रकाशाचे माप कोणाच्या हाती?

सूर्यकिरण काचेच्या लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात, हे आपण शाळेत शिकलो. प्रत्येक पदार्थ त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरावीक रंग शोषतो. म्हणून प्रकाशाची फोड केली की पदार्थ ओळखू येतो. जर्मनीत किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० साली हे शास्त्र पक्के केले. अशी फोड करून मोजणाऱ्या यंत्राला वर्णपटमापक म्हणतात.

आपल्याकडे ते लवकर आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला यांनी १८८८ साली तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन त्यांनी सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. पुढे १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आज आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, तीच विद्या नांदते आहे. तेथील महादुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील रेडिओलहरी टिपतात. त्या काचेच्या तंतूंतून, प्रकाशावर स्वार होऊन, मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे त्यांची हजारो भागांत फोड होते.

आता हे यंत्र नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर बसू लागले आहे. केसाच्या शंभराव्या भागाहून बारीक वाटांतून प्रकाश फिरवतात. वाटेतले एकेक कडे आपापला रंग निवडून घेते. वाट आखूड असल्याने बारकावा कमी पडतो, तो गणिताने भरून काढावा लागतो.

आम्हां चळवळीतल्या माणसांना येथे एक प्रश्न पडतो. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी दूध घालतो, त्याचा भाव फॅटवर ठरतो, आणि मोजणारे यंत्र घेणाऱ्याच्या टेबलावर असते. पाणी, साखर, स्निग्धांश हे सारे अवरक्त प्रकाशात आपली खूण सोडतात. तेव्हा उद्या दूध घालणाऱ्याच्या खिशातही असे यंत्र असू शकेल. परंतु यंत्र स्वस्त झाले म्हणून न्याय आपोआप स्वस्त होत नाही. चिप आपले उत्तर आधी तपासलेल्या नमुन्यांशी ताडून देते. ते नमुने कोणाच्या गोठ्यातले आणि ते कोष्टक कोणी बांधले, हे विचारण्याचा हक्क माल घालणाऱ्याला हवा. तराजूवर सरकारी शिक्का बसावा म्हणून लोकांनी आग्रह धरला, तसाच आग्रह या नव्या तराजूसाठीही संघटितपणे धरला पाहिजे.