सौर रेडिओ गोंगाट व आकाशक परीक्षण

सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ प्रारणामुळे ग्राहीत खरखर उमटते. या गोंगाटाचा मापनासाठी उपयोग करून आकाशकाची (अँटेनाची) दिशा, शलाकेची रुंदी व एकूण संवेदनक्षमता तपासता येते. हौशी रेडिओचालकास ही पद्धत विशेष उपकारक ठरली, कारण महागड्या प्रयोगक्षेत्राची तीत गरज नसते.

इतिहास : प्रारंभी हा गोंगाट उपद्रवच होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या रडार यंत्रणांत मोठा अडथळा आला, तेव्हा शत्रूचाच संशय घेतला गेला, जे. एस. हे यांनी तो सूर्यावरील मोठ्या डागसमूहाशी जोडला. त्याच वर्षी अमेरिकेत जी. सी. साउथवर्थ यांना शांत सूर्याचे सूक्ष्मतरंग प्रारण आढळले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे यांचे निष्कर्ष १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडात १९४७ पासून १०·७ सेंमी. तरंगलांबीवर सौर प्रारणाची नियमित नोंद होऊ लागली आणि गोंगाटाला आकडा मिळाला.

पद्धत : आकाशक सूर्याच्या मार्गात थोडा पुढे रोखून स्थिर ठेवतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य सु. ४ मिनिटांत १ अंश सरकतो. त्यानुसार गोंगाट वाढून ओसरतो. शिखराची वेळ गणिताने आलेल्या वेळेशी न जुळल्यास रोख चुकलेला असतो. सूर्य व रिकामे आकाश यांच्या गोंगाटांच्या गुणोत्तरावरून संवेदनक्षमता कळते. मात्र सूर्य हा स्थिर दिवा नव्हे. त्या दिवसाचा सौर प्रवाह विचारात न घेता केलेली तुलना फसवी असते. सूर्याची लहर आकाशकाचा दोष म्हणून गणली जाते.

कल्याण येथील जाल : महाराष्ट्रातील जवळचे ऐतिहासिक उदाहरण म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९६५ मध्ये कल्याण येथे उभारलेला सौर व्यतिकरणमापक. सिडनीजवळील पॉट्स हिल येथे वापरलेल्या, सु. १·८ मी. व्यासाच्या ३२ अन्वस्तीय आकाशकांपैकी २४ पूर्व-पश्चिम ६३० मी. आणि ८ दक्षिणोत्तर २५६ मी. रेषेत मांडले होते. कंप्रता ६१० मेगॅहर्ट्‌झ होती. येथे एक मौजेची गोष्ट दिसते. अशा एकट्या आकाशकाची शलाका सु. १९ अंश, म्हणजे अर्ध्या अंशाच्या सूर्यबिंबाहून कितीतरी रुंद. त्याला सूर्य बिंदूसारखाच, म्हणून तो आकाशकाची परीक्षा घेऊ शकतो. चोवीस आकाशक जोडले की शलाका पूर्व-पश्चिम सु. २·३ कला इतकी अरुंद होते. मग आकाशकच सूर्यबिंबाची परीक्षा घेतात. १९६४ च्या सौर न्यूनतमानंतरच्या शांत सूर्याचा येथे अभ्यास झाला.

स्थानिक परिस्थिती : कल्याणहून लोहमार्गाने गाठता येणाऱ्या कर्जत-खालापूर भागात पूर्वेस सह्याद्री व पश्चिमेस माथेरान-प्रबळची रांग असल्याने क्षितिजालगत सूर्य सापडणे कठीण. मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस तो माध्यान्ही डोक्यावर येतो. त्या वेळी त्याचा दिगंश झपाट्याने बदलतो आणि उंची-दिगंश आसावरील आकाशक मागे पडतो. ग्राहक-शिंगाची सावली तबकडीच्या मध्यावर आणून रोख साधण्याची सोपी युक्ती पावसाळ्यात निरुपयोगी ठरते. डेसीमीटर तरंगांना मात्र ढगांचा अडसर जवळजवळ नसतो. सावली नसली, तरी पंचांगातील गणितावरून आकाशक वळवावा. आषाढातील झाकोळातही सूर्याची खरखर ऐकू येते.