मोटरहोडीची प्रवासपूर्व तयारी (हिंगोली जिल्ह्यातील जलाशय)

लहान यांत्रिक होडी दिवसभराच्या जलप्रवासाला काढण्याआधी तिचा सांगाडा, इंजिन, इंधन, बचावसाहित्य व परवाने यांची करावयाची तपासणी. कोकणात ही कामे पिढीजात आहेत. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. हिंगोली जिल्ह्यात मोठे पाणी आणले ते धरणांनी : पूर्णेवर सिद्धेश्वर (औंढा नागनाथ तालुका) आणि यवतमाळच्या सीमेवर पैनगंगेचे ईसापूर, ज्याचा उपयुक्त साठा सुमारे 964 दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. भोयांच्या वल्ह्याच्या होड्या, थर्माकोलचे तराफे आणि पुरात पलीकडे जायला गुऱ्हाळाची काहील, अशी मराठवाड्याची जलवाहतूक. त्यामुळे कोकणची रीत इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

मुख्य फरक पाण्याच्या पातळीचा. समुद्राला भरती-ओहोटी असते, तिचे वेळापत्रकही मिळते. जलाशय मात्र सप्टेंबरात तुडुंब आणि मे महिन्यात आटलेला. सिद्धेश्वरचा उपयुक्त साठा जेमतेम 81 दलघमी, तर त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या येलदरीचा 810. म्हणजे येलदरीतून पाणी किती सुटते यावर खालची पातळी ठरते. दिवाळीत जिथून होडी सहज गेली, तिथेच उन्हाळ्यात बुडित झाडांचे खुंट व शेतांचे बांध पंख्याला लागतात. नकाशापेक्षा तिथे रोज जाळे टाकणाऱ्या भोयाला विचारलेले बरे. पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या हा कचरा समजू नये. बहुधा त्यांच्याखाली जाळे असते. पंख्यात जाळे अडकले, तर आधी इंजिन बंद करावे, मगच ते वर उचलून जाळे सोडवावे. म्हणून सुरी, पकड, पंख्याची सुटी पिन आणि वल्ह्यांची जोडी होडीत हवीच.

मागच्या फळीवर बसवायच्या आउटबोर्ड इंजिनाच्या दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळावी लागते; 15 व 20 इंच ही नेहमीची मापे. दांडा आखूड पडला तर पंखा हवा खातो. इंजिन थंड राहते ते रबरी इंपेलरने खेचलेल्या पाण्यावर. ते कोरडे चालवले तर इंपेलर काही सेकंदांत खराब होऊ शकतो. चालू केल्याबरोबर बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार येते का, ते आधी पाहावे. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. प्रमाण उत्पादकाने दिलेलेच घ्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून सुटी टाकी नेहमी काठावर उतरवून भरावी. इंधनाचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. जलाशयाच्या मध्यावर पेट्रोलपंप नसतो, आणि काठावरही बहुधा नसतो.

तळाचे बूच बसवायचे विसरणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत लाजिरवाणी चूक. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट लांब असावा. एरवी शांत दिसणारे पाणी एप्रिल-मेच्या वळवाच्या वाऱ्यात काही मिनिटांत उसळते. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण बुडाले. जीवरक्षक जॅकेट बाकाखाली ठेवून उपयोग नाही. काठ सोडण्यापूर्वी प्रत्येकाने ते अंगात घालून बंद बांधावेत.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 ने 1917 चा जुना कायदा रद्द केला. यांत्रिक होडीची नोंदणी व तपासणी या नव्या कायद्याखाली येते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. ईसापूरचे पाणी पक्षी अभयारण्यात मोडते. तिथे इंजिन सुरू करण्यापूर्वी वनविभागाची परवानगी लागते.