कलम ३०९, दाखला आणि शाळेतला समुपदेशक

नववीतल्या मुलीने स्वतःला इजा करून घेतल्याचं वर्गाच्या बाईंच्या लक्षात आलं, तर शाळा काय करते? बरीच वर्षं अनेक शाळांचं उत्तर ठरलेलं होतं. पालकांना बोलवा, दाखला हातात द्या. हा नुसता निष्ठुरपणा नव्हता. त्यात बदनामीची भीती होती, पोलिसांचीही. आणि ही दुसरी भीती थेट १८६० सालची.

इंग्रजांच्या दंडसंहितेतलं कलम ३०९: आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. आता, स्वतःला इजा करून घेणारं प्रत्येक मूल जीव द्यायला निघालेलं नसतं. पुष्कळदा आतली घालमेल सोसवत नाही म्हणून ते तसं करतं. पण हा फरक बघत बसणार कोण? त्यापेक्षा प्रकरण झाकलेलं बरं!

१९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. खटला होता मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाचा. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं, पण १९९६ मध्ये घटनापीठाने कलम पुन्हा जिवंत केलं. पुढची वीसेक वर्षं तशीच गेली.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २०१८ पासून लागू झाला. अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानायचं, तिला शिक्षा नाही, उलट तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ३०९ उरलंच नाही.

म्हणजे पोलिसांची सबब संपली. तरी दाखल्याची सवय गेली का? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. (ज्यांचे तास कमी त्या सरांना समुपदेशक म्हणायचं, हे यात बसत नाही.)

बाईंचं काम खरं तर छोटं आहे. वर्गासमोर बोलायचं नाही, ओरडायचं नाही, "पुन्हा करणार नाही" असं लिहून घ्यायचं नाही. बाजूला बसवून ऐकायचं. घरी सांगावं लागेल, ते आधी मुलीला सांगायचं. मग समुपदेशकाकडे स्वतः सोबत जायचं.

पुढच्या पालकसभेत एवढंच विचारा: समुपदेशक कोण, कोणत्या वारी येतात, कुठे बसतात? आणि तोवर कुणाला गरज पडली तर टेली-मानस, १४४१६. फोन मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.