मुका मार

आसनगाव स्टेशनच्या पुलावरून माझे काका आडवे उतरतात. तोंड कठड्याकडे, डावा पाय आधी, मग उजवा त्याच्या जोडीला. लोकल पकडायला धावणारी माणसं त्यांना वळसा घालून जातात. लहानपणी मी कारण विचारलं की ते दोनच शब्द सांगायचे: मुका मार. १९८९ च्या माघात शेजारच्या गावातल्या कबड्डीच्या सामन्यात त्यांचा डावा गुडघा गेला. कल्याणला जाऊन एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, सूज उतरली की खेळायला मोकळा.

सूज तीन आठवड्यांत उतरली. आजी आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावत होती, श्रेय तिला मिळालं. काका पुन्हा मैदानात उतरले, चढाईत वळायला गेले आणि कोणी हात न लावता खाली बसले. परत उतरले, परत बसले. असे चार मोसम गेले. हाड तर शाबूत, मग दुखणं असणार कुठे? मनात. 'पोरगा घाबरला' हे मैदानाच्या कडेला कोणीतरी एकानेच म्हटलं असेल, पण काकांच्या आठवणीत ते अख्ख्या गावाने म्हटलेलं आहे. मुंबईतल्या एका कंपनीच्या संघासाठी त्यांची निवड चाचणी ठरली होती. तेव्हा आमच्या तालुक्यातल्या पोरांना कायमच्या नोकरीचा जो एखादा रस्ता दिसायचा, तो हा. काका चाचणीला गेलेच नाहीत.

ह्या जानेवारीत त्यांच्या मुलीचा, माझ्या चुलत बहिणीचा, उजवा गुडघा गेला. ती एकोणीस वर्षांची, डाव्या कोपऱ्यात खेळते. मी आयटीतला, त्यामुळे अपॉइंटमेंट घेणं, फायली सांभाळणं आणि डॉक्टरांचं इंग्रजी घरच्यांना समजावणं ही माझी कामं. ठाण्याच्या डॉक्टरांनी एमआरआयचं पाकीट उघडायच्या आधीच तिला झोपवलं, गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आधी चांगला पाय, मग दुखरा. दहा सेकंदांचं काम. "एसीएल गेलंय," ते म्हणाले. एमआरआयने तेच सांगितलं.

आम्ही निघायला लागलो तर काका उठेनात. मग त्यांनी पँटचा डावा पाय वर सरकवला. "डॉक्टरसाहेब, एवढा माझाही बघता का?"

डॉक्टरांनी ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. "काका, हे किती वर्षं आहे असं?"

"एकोणनव्वदपासून."

"ह्यात लिगामेंटच नाहीये. तुम्ही ह्याच्यावर खेळलात?"

काका काही बोलले नाहीत. लोकलमध्ये मात्र टिटवाळा गेल्यावर एकदम म्हणाले, "म्हणजे मी घाबरलो नव्हतो."

त्या रात्री मी शोधत बसलो. सवयीचा भाग आहे. कामात एखादी चूक सापडली की ती पहिल्यांदा कधी शिरली, हे बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. डॉक्टरांनी केलेल्या त्या ओढून बघण्याला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात जॉन लॅकमन ती विद्यार्थ्यांना शिकवायचे, आणि जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली ती आपल्या गुरूच्या नावाने छापून प्रसिद्ध केली. गुडघा वीस-तीस अंश वाकवायचा आणि नडगीचं हाड पुढे ओढायचं. लिगामेंट शाबूत असेल तर ताणलेल्या दोराला हिसका बसावा तसं हाड थांबतं, तुटलेलं असेल तर ते नुसतंच सरकत राहतं. ना यंत्र, ना वीज. दोन हात आणि माहिती. काका पडले त्याच्या तेरा वर्षं आधी ही माहिती छापून झाली होती.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत फुलीसारखी एकमेकांना छेदणारी जी दोन लिगामेंटं असतात, त्यांतलं पुढचं. पळताना नडगी पुढे निसटू नये आणि वळताना गुडघा पिळवटू नये, हे त्याचं काम. सरळ चालायला ते नसलं तरी भागतं. म्हणूनच सूज उतरल्यावर माणूस शेतात जातो, ओझी उचलतो, ठणठणीत दिसतो. गुडघा दगा देतो तो पाय रोवून वळताना, आणि कबड्डी म्हणजे दुसरं काय आहे? एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. कल्याणचा एक्स-रे खोटा नव्हता, त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं.

ह्या फुलीची ओळख जुनी आहे. दुसऱ्या शतकात पर्गामममध्ये ग्लॅडिएटरांच्या जखमा बघणाऱ्या गेलेनच्या लिखाणात ती सापडते. खेळाडूंचा पहिला नावाजलेला डॉक्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. फाटलेली लिगामेंटं शिवायचा प्रयत्न मात्र १८९५ चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा. मेयो रॉबसन यांनी ज्याचा गुडघा शिवला तो खेळाडू नव्हता, कोळशाच्या खाणीतला कामगार होता. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पडद्याची पट्टी गुडघ्यात ओवून नवं लिगामेंट केलं. आज माझ्या बहिणीच्या गुडघ्यात तिच्याच मांडीमागचा स्नायुबंध ओवला आहे, कल्पना तीच.

आणि दुर्बीण! १९१८ साली टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडू नव्हतेच, क्षयाने गुडघे आखडलेली माणसं होती. जपानी माणूस जमिनीवर बसतो, गुडघा वाकेना म्हणजे तो घरात, पंक्तीत, देवळात सगळीकडून उठला. हे वाचताना मला आमच्याकडच्या लग्नाच्या पंक्ती आठवल्या. काका पंगतीला बसत नाहीत, वाढायला उभे राहतात, आणि लोक म्हणतात किती कामाचा माणूस. ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून गुडघ्यातल्या गादीचा फाटका तुकडा काढला आणि ह्या शस्त्रक्रियेचा आजचा रस्ता तिथून सुरू झाला.

ह्याच वर्षांत आपल्याकडे हुतूतूची कबड्डी होत होती. १९२० च्या आसपास सातारा, पुणे, बडोदा इथे नियम बांधले जात होते. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत ती आली, आणि त्याच वर्षी स्टॉकहोममध्ये इवार पाल्मर यांचा गुडघ्याच्या लिगामेंटांवरचा मोठा प्रबंध छापला गेला. मैदान किती लांब, खेळाडू किती, बाद कोण आणि जिवंत कोण, ह्यावर आपल्या लोकांनी किती बारकाईने विचार केला! बाद झालेला गडी पुन्हा उठवायला संजीवनीचा नियम केला. ज्याचा पाय गेला त्याचं काय, ह्याचा नियम एकच: राखीव गडी आत घ्या.

कबड्डीच्या बाहेरही चित्र वेगळं नव्हतं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, गोळेश्वरपासून कराडपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आपण शाळेत शिकतो. १९५६ च्या मेलबर्नला ते का गेले नाहीत, हे शिकत नाही. गुडघ्याची गंभीर दुखापत झाली होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाची पुढची गोष्ट एका गुडघ्यापाशी संपली, आणि आपल्या चरित्रांत त्या गुडघ्याला एक ओळ मिळते. लोकवर्गणी, गहाण टाकलेलं घर, सरकारी उपेक्षा ह्यांवर पानंच्या पानं आहेत. असावीतही. पण दुखापत झाली म्हणजे नशीब, आणि नशिबावर काय लिहायचं, असा एक हिशोब त्यामागे दिसतो.

काकांना १९८९ मध्ये खरं कळलं असतं तर शस्त्रक्रिया झाली असती का? मला नाही वाटत. पैसे नव्हते, आणि मुंबईत कोणाचं दार ठोठवायचं हे सांगणारंही कोणी नव्हतं. पण ते त्या गुडघ्यावर चार मोसम खेळले नसते. लिगामेंट नसलेला गुडघा निसटतो तेव्हा आतली गादी चिरडते. गादी गेली की गुडघा झिजायला लागतो, हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रे लावून दाखवलं होतं. काकांचा पुलावरचा आडवा उतार १९८९ च्या एका सामन्याचा नाही, नंतरच्या चार मोसमांचा आहे. आणि 'घाबरला' हे ऐकावं लागलं नसतं. माझ्या मते शस्त्रक्रियेपेक्षा हे मोठं आहे. काकांना विचारलं तर तेही बहुधा हेच म्हणतील.

शोधताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. हे शास्त्र पुढे गेलं ते नव्या यंत्रांइतकंच मोजण्याने. त्याच टॉर्ग यांनी १९७० च्या सुमारास फिलाडेल्फियातल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये बुटाखालच्या खिळ्यांची लांबी आणि गुडघ्याच्या दुखापती ह्यांची सांगड घातली. आखूड खिळे घातल्यावर गुडघे कमी गेले. अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांत १९८२ पासून दुखापतींची रीतसर नोंद ठेवायला लागले. ह्या नोंदींवरूनच १९९५ मध्ये एलिझाबेथ अ‍ॅरेंट आणि रँडल डिक यांनी दाखवलं की बास्केटबॉलमध्ये मुलींचं एसीएल मुलांच्या चौपट प्रमाणात फाटतं, सॉकरमध्ये दुपटीहून जास्त. तोवर एकेका मुलीला आपलंच नशीब वाईट वाटत असणार. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान मेखेलेन आणि सहकाऱ्यांनी चार पायऱ्या लिहून दिल्या: मोजा, कारण शोधा, उपाय करा, पुन्हा मोजा. वाचून हसू आलं, आम्ही ऑफिसात दर पंधरा दिवसांनी हेच करतो आणि त्याला भारी नावं देतो.

नॉर्वेत ह्या पायऱ्या शेवटपर्यंत चढल्या. तिथल्या मुलींच्या हँडबॉलमध्ये एका मोसमात २९ एसीएल फाटली. मग संघांना उडी मारून गुडघा आत न झुकवता कसं उतरायचं, तोल कसा सांभाळायचा, असे पंधरा मिनिटांचे व्यायाम दिले. पुढच्या मोसमात २३, त्याच्या पुढच्या मोसमात १७. ग्रेटे मिकलेबुस्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. ज्यांनी व्यायाम नीट केले त्यांच्यात फरक जास्त दिसला. ह्याला लागतं काय? एक लाकडी फळी, एक मऊ गादी आणि शिट्टी वाजवणारा कोणीतरी.

कबड्डीचं काय? चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी गुडघा घेऊन आलेल्या कबड्डीपटूंचा अभ्यास २०१७ मध्ये छापला आणि त्यात एसीएल आघाडीवर आहे. चांगलं काम आहे. पण ते दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचं आहे. अंश मिळाला, छेद नाही. किती जण खेळले, किती सामने झाले, मातीवर किती आणि मॅटवर किती, हे मैदानातच मोजावं लागतं. माझे काका त्या अंशातही नाहीत.

मॅटचा प्रश्न मला जास्त छळतो. आमच्याकडे भातकापणी झाली की खाचर सपाट करून, माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान करतात. अनवाणी पाय त्यावर थोडा घसरतो. २०१४ मध्ये टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि पोरांनी रबरी तळाचे बूट मागायला सुरुवात केली. जिल्ह्याच्या स्पर्धा मॅटवर. बूट मॅटला धरतो. पाय तिथेच राहतो, अंग वळतं. माझी बहीण अशीच पडली, अंगाला कोणी लागलेलंही नव्हतं. एका गुडघ्यावरून मॅट वाईट असं मी म्हणणार नाही. माती खरवडते, तिच्यावर खांदे निखळतात. खेळ मातीवरून मॅटवर येताना दोन्हीकडचे गुडघे कोणी मोजून ठेवले असते, तर आज म्हणता आलं असतं.

आमच्या मंडळाकडे १९८७ पासूनची गुणपत्रकं आहेत, पत्र्याच्या पेटीत. काकांचा सामना त्यात सापडला. चढाया, पकडी, लोण, बोनस, सगळं आहे. पंचांची सही आहे. दुसऱ्या डावात काकांच्या नावापुढे आडवी रेघ आणि खाली राखीव गड्याचं नाव. बस. त्या पेटीत अशा किती रेघा आहेत हे मी मोजलं: एकशे बारा. त्यांतल्या किती थकल्या म्हणून बदलल्या आणि किती उचलून नेल्या, हे त्या रेघा सांगत नाहीत.

बहिणीची शस्त्रक्रिया मार्चमध्ये झाली. नऊ महिन्यांच्या आत मैदानात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ती रोज संध्याकाळी ओट्यावर एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने पाटावर अंक काढते, आणि काका घड्याळ लावून बसतात. "तीस झाले का?" "अजून आठ, अप्पा." वेळेच्या बाबतीत ते तिला एक सेकंद सोडत नाहीत.

दिवाळीनंतरच्या सामन्यांसाठी मी गुणपत्रकाला एक रकाना वाढवला. खेळाडू बाहेर का गेला, कुठला अवयव, कोणी लागलं की आपोआप, माती की मॅट, बूट की अनवाणी. मंडळाच्या अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे भरणार कोण? पंच तर भरणार नाही." काका तिथेच खुर्चीवर बसले होते. त्यांनी पेन मागून घेतलं.

पहिल्या रात्री अकरा सामने झाले. काकांच्या अक्षरात चार नोंदी आहेत: अंगठ्याचं नख, कोपर खरचटलं, घोटा मुरगळला, स्वतःहून, बूट, आणि चौथी, 'गुडघा, डावा, कोणी लागलं नाही, पोरगा म्हणतो काही नाही, उद्या ठाण्याला न्यायचा.'