विजेची काटकसर आणि संगणकातील गुपिते



गुप्तलेखनाचा इतिहास सांगताना बगदादच्या अल-किंदीचे नाव घ्यावेच लागते. लपविलेल्या मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजत गेल्यास किल्लीवाचूनही तो उलगडतो, हे नवव्या शतकातील या विद्वानाने दाखवून दिले. आज आपण मुलांची फी ज्या फोनवरून भरतो, त्यातील गुपितेही अशाच मोजणीने फुटू शकतात. मात्र तेथे चिन्हांऐवजी वीज मोजली जाते.

जुन्या मीटरची चकती किती वेगाने फिरते यावरून घरात इस्त्री चालू आहे की नुसता दिवा, हे जाणकार ओळखीत असे. १९९९ साली पॉल कोचर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्मार्टकार्डाबाबत हेच सिद्ध केले. हिशेब करताना कार्ड किती वीज ओढते, यावरून त्यातील गुप्त किल्ली निघते! पण त्यासाठी कार्ड हाती असावे लागे आणि मोजण्याचे उपकरण टेबलावर.

पुढे काटकसरीने हे काम सोपे केले. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून २००० च्या सुमारास प्रोसेसरचे व्होल्टेज आणि ठोक्यांचा वेग गरजेप्रमाणे बदलण्याची सोय आली. इंटेलने तिला स्पीडस्टेप म्हटले. सोय मोलाचीच, कारण विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, थोडे उतरविले तरी बचत पुष्कळ. पण ही कळ फिरविणे सॉफ्टवेअरच्या हाती गेले.

२०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी नेक्सस ६ फोनच्या प्रोसेसरचा वेग मर्यादेबाहेर चढविला. त्याचा हिशेब चुकला, आणि चुकलेल्या उत्तरांवरून त्यांनी सुरक्षित कप्प्यातील किल्ली शोधली. २०१९ च्या 'प्लंडरव्होल्ट' प्रयोगात उलट इंटेलच्या प्रोसेसरचे व्होल्टेज उतरवून चुका घडविल्या गेल्या. दोन्हींत यंत्राचा ताबा आधी मिळवावा लागे हे खरे. पण ताबा गेला तरी टिकावा म्हणूनच तर तो कप्पा होता! इंटेलने व्होल्टेज बदलण्याची ती वाट बंद करणारी दुरुस्ती दिली.

२०२० चा 'प्लॅटिपस' मला अधिक बोलका वाटतो. वीज मोजणारा मीटर आता प्रोसेसरच्या आतच होता, आणि लिनक्सवर कोणताही साधा प्रोग्राम तो वाचू शके. चोराला टेबल लागेना, उपकरणही लागेना. पुढे ती परवानगी काढून घेण्यात आली.

२०२२ मध्ये 'हर्ट्झब्लीड'ने त्याहून पुढची गोष्ट दाखविली. काही कामांत हाताळलेल्या आकड्यांप्रमाणे वीज कमीजास्त लागते, तसा प्रोसेसरचा वेग बदलतो, आणि तो बदल दूरच्या संगणकावरून नुसत्या वेळेवरून ताडता येतो. प्रत्येक आकड्याला सारखाच वेळ लागेल, अशी काळजी घेऊन लिहिलेला प्रोग्रामही त्यातून सुटला नाही. इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्ये दुरुस्ती न करता काळजी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर सोपविली. ज्या 'सायक' पद्धतीवर तो प्रयोग झाला, ती त्याच वर्षी निव्वळ गणिताने मोडली गेली. वेगावरून गुपित ताडण्याची वाट मात्र उरली.