बोटांपासून वर चढणारा मोजा

मोजा पोटरीकडून खाली विणत आणायचा ही मूळ रीत आणि बोटांपासून वर जाणे ही हल्लीची टूम, असे पुष्कळ जण मानतात. पुरावा उलट सांगतो. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसला सापडलेले आणि आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेले लाल लोकरीचे मोजे तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे आहेत. अंगठा वेगळा, बाकीची बोटे एकत्र, म्हणजे चपलेबरोबर घालायचे. आणि त्यांची सुरुवात बोटांच्या टोकाशी आहे. पण हे सुयांवरचे विणकाम नव्हेच, नाकाच्या एकाच सुईने फासात फास ओवलेले काम आहे, असा आक्षेप निघतो. तो खरा आहे. मात्र त्याच देशात मिळालेले मध्ययुगातले निळे-पांढरे सुती मोजे सुयांवरच विणलेले आहेत, तरी तेही बोटांकडून वर जातात आणि टाच सगळ्यात शेवटी घातलेली आहे. तंत्र बदलले, दिशा तीच राहिली. कारण उघड आहे: चार टाक्यांनी टोक सुरू करून वाढवत गेले की टोक मिटवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि लोकर संपेल तिथे पोटरी थांबवता येते. शेवटी घातलेली टाच झिजली तर तेवढीच उसवून नवी विणता येते. उलट वरून आलेल्या मोज्याची बोटे शिवण न दिसता मिटवणे हे वेगळे कौशल्य. त्या टाक्याला पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनेरचे नाव चिकटले आहे.

मग सांगली जिल्ह्यात, ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) पूर्वेला आटपाडी-जतच्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या असताना इथे असा मोजा का घडला नाही? सुया नव्हत्या, हे उत्तर मला अपुरे वाटते. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ. सनगर विणकरांनी ती खड्डामागावर घातली, चिंचोक्याची खळ दिली आणि घोंगडी केली. पाऊस-थंडीत तीच खरी उपयोगी. पायात उघडी चप्पल, दारात ती काढायची रीत. तिथे मोज्याची गरज थोडी. आता मऊ लोकर बाजारात मिळते आणि कोल्हापुरी चपलेला अंगठा आहेच. विणणाऱ्यांनी यंदाच्या थंडीसाठी अंगठा वेगळा ठेवून, बोटांकडून एक जोड सुरू करावा.